खाडीपार

भिवंडीत रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर पाण्याची नावं घ्यावी लागतात. बंदर मोहल्ला, खाडीपार, नदी नाका. दिवसातून शेकडो वेळा ही नावं उच्चारली जातात. पण बंदर मोहल्ल्यात आज बंदर नाही. नदी नाक्यावर उभा राहणारा माणूस बसची वाट पाहतो, नदीकडे पाहत नाही. आणि खाडीपार म्हणजे खाडीच्या नेमकं कुठल्या पार, असं एखाद्या नव्या पोराला विचारलं तर तो आपल्याकडेच संशयानं बघतो. गावानं पाणी सोडलं, नावं तेवढी राहिली.

बाहेरच्यांना भिवंडी दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक पॉवरलूम आणि दुसरी दंगल. अलीकडे तिसरी भर पडली, ती गोदामांची. मी मराठीचा मास्तर. आयुष्यभर परगावच्या बैठकांना, संमेलनांना गेलो. 'भिवंडीहून आलो' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला पाठ झालं आहे. त्यानंतर 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो' हे वाक्य येतं. आमच्या घरात सात पिढ्या कोकणी बोलली जाते. ती मराठीचीच लेक. आमचे पणजोबा मचव्यावर तांडेल होते. भात आणि गवत भरून मुंबईला जायचे आणि भरतीच्या हिशेबानं परत यायचे. भरती, ओहोटी, उधाण, भांग, नाळ, शीड, वल्हं, काठी हे शब्द मी पुस्तकात शिकलो नाही, दादीच्या तोंडून ऐकले. पण हे सगळं त्या एका वाक्यापुढे कुठं सांगत बसणार?

आमच्याकडे हल्ली सुट्टी पडली की लोक केरळला जातात. ज्यांचे चार लूम चालतात तेही जातात आणि ज्यांचे भंगारात गेले तेही कर्ज काढून जातात. दोन वर्षांपूर्वी मीही घरच्यांबरोबर आलप्पुळाला गेलो. पाण्याचं गाव. कालव्यांच्या काठाकाठानं बाजार, घराच्या पायरीला होडी बांधलेली, नारळीच्या रांगा, आणि समुद्रपातळीच्या खाली असलेली कुट्टनाडची भातशेती. जवळच अंबलप्पुळाचं कृष्णमंदिर. तिथलं पाल पायसम प्रसिद्ध आहे. केरळातल्या बऱ्याच देवळांत हिंदूंखेरीज इतरांना आत जाता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरच थांबलो. आमच्या होडीवाल्यानं आतून पायसमचा डबा आणून दिला आणि आम्ही तळ्याच्या काठी बसून खाल्लं. शबरीमलाला जाणारे यात्रेकरू वाटेत एरुमेलीला वावर स्वामींच्या मशिदीत जातात, हेही त्यानंच सांगितलं. हा वावर म्हणजे अय्यप्पाचा मुसलमान सखा.

मला त्या गावात सर्वांत आवडल्या त्या सरकारी बोटी. हाउसबोटी पाहुण्यांसाठी. गावकरी मात्र राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटीनं जातात. बसच्या तिकिटाइतकं भाडं. शाळेची मुलं, मासळीवाल्या, कोर्टात निघालेले म्हातारे, कपाळाला चंदन लावलेला पुजारी आणि डोक्यावर ओढणी घेतलेली परिचारिका एकाच बाकावर. कुणी कुणाकडे विशेष लक्ष देत नव्हतं. ते लक्ष न देणंच मला फार मोलाचं वाटलं.

परत आल्यावर हे सगळं मी माझ्या एका मित्राला सांगत होतो. ते खाडीकाठच्या आगरी गावातले, निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सगळे पाटीलच म्हणतो. ते सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, ह्यो सगला आपलेकरं व्हता की. आपुन पाठ फिरवली."

मी विचारलं, "देवळं?"

"देवलं पन आन् पानी पन. चला, दाखवतो."

अशा रीतीनं गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन म्हातारे तीन रविवार पाटलांच्या मोटारसायकलवर आमच्याच तालुक्यात पर्यटनाला निघालो.

*

पहिला रविवार बंदर मोहल्ल्यापासून. कामवारी नदी तालुक्यातच उगम पावते आणि शहराला वळसा घालून खाडीला मिळते. ती खाडी उल्हास नदीची. उल्हास कल्याणवरून येते, भिवंडीच्या दक्षिणेकडून जाते आणि वसईपाशी समुद्राला मिळते. म्हणजे नकाशा उलटा धरला तर भिवंडी हे रस्त्यावरचं गाव राहत नाही. ते समुद्राच्या आत आलेल्या एका लांब हाताच्या मुठीत बसलेलं गाव दिसतं. कोकणातून, गुजरातेतून आणि अरबस्तानातून आलेलं गलबत वसईच्या मुखातून आत शिरायचं आणि वारा लागू न देता इथवर यायचं. आमचे पूर्वज असेच आले. काही अरब व्यापाऱ्यांच्या वंशातले, काही इथलेच, धर्म बदललेले. कोण कोणते हे आता वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही. मुलखाची भाषा सगळ्यांनी उचलली.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजेनं कल्याण-भिवंडी घेतली. मराठा आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. पोर्तुगीज कागदपत्रांत याची काळजी दिसते. ते साहजिकच होतं. या खाडीत बांधलेलं प्रत्येक लढाऊ गलबत समुद्रावर जायचं तर वसईच्या किल्ल्याखालून जायला हवं. आगरी, कोळी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दी या आरमारावर होते. दौलतखानासारखा मुसलमान सरदार पुढे त्याचा एक प्रमुख झाला. मी वर्गात हा धडा शिकवताना मुलांना खिडकीतून बोट दाखवून सांगायचो की ते इथं, आपल्या मागं घडलं. मुलं खिडकीतून पाहायची. समोर सायझिंगची चिमणी दिसायची.

बंदर मोहल्ल्यातून खाली उतरलो. जुन्या घरांचे ओटे अजून आहेत. दारांच्या चौकटींवर नक्षी आहे. सागवान खाडीनंच आलेलं असणार. पुढे गटार, मग प्लास्टिकचा ढीग, आणि त्यापलीकडे काळ्या पाण्याची एक पट्टी. ही कामवारी. रंगवण्याच्या कारखान्यांचं पाणी, सायझिंगचं पाणी आणि घरोघरचं सांडपाणी तीच पोटात घेते. कुठल्या रंगाचं कापड बाजारात चालू आहे ते नदीकडे पाहून कळतं, असा विनोद आमच्याकडे करतात. तो करताना हसू येत नाही.

बंदर कसं गेलं याचं उत्तर एका माणसावर किंवा एका जमातीवर ढकलता येत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणं रेल्वे झाली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली. भिवंडीला ती आली नाही. खाडी ओलांडून आग्रा रोड आला आणि माल बैलगाडीवर, मग ट्रकवर चढला. मचव्यांना काम उरलं नाही. त्याच सुमारास उत्तरेतून, विशेषतः १८५७ नंतरच्या धामधुमीत, मोमीन विणकर येऊन स्थिरावत होते. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत वीज आली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. गावाचं पोट भरू लागलं. माझे वालिद मचव्यावरच्या तांडेलाचे नातू, पण त्यांनी जॉबर म्हणून लूमच दुरुस्त केले. त्यांच्या कानांना लूमच्या खडखडाटाची इतकी सवय झाली होती की वीज गेली की त्यांना जाग यायची. पाण्याची आठवण काढायला त्यांना फुरसत नव्हती. त्यांना दोष देता येणार नाही. पोट ज्या दिशेला असतं तिकडंच गाव तोंड करतं.

*

दुसऱ्या रविवारी पाटलांनी मला कोनला नेलं. कोन भिवंडी तालुक्यात आणि समोर कल्याण. मध्ये उल्हासची खाडी आणि पूल. पलीकडच्या टेकाडावर दुर्गाडी. टेकाडावर दुर्गादेवीचं देऊळ आहे आणि इदगाहची भिंतही आहे. आम्ही अलीकडच्या काठावरून पाहत होतो. सकाळचं ऊन होतं आणि पाणी त्या वेळी भरतीचं, त्यामुळे बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं.

या टेकाडाबद्दल मी काही लिहिलं तर कुणीतरी नाराज होणार हे मला माहीत आहे. १९८०च्या दशकापासून कित्येक वर्षं बकरी ईदच्या सकाळी तिथं बंदोबस्त लागत आला, नमाजाच्या वेळेपुरता देवळाचा रस्ता बंद ठेवला गेला आणि खाली घंटानादाची आंदोलनं झाली. जागेच्या मालकीचा दावा १९७६ पासून दिवाणी न्यायालयात होता. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या न्यायालयानं मुस्लिम पक्षाचा दावा फेटाळला. कायद्याची गोष्ट कायद्यानं व्हावी. मला त्यावर बोलायचं नाही. मला एवढंच दिसलं की जमिनीवरून पाहिलं की टेकाडाला दोन वाटा असतात आणि प्रत्येक वाटेवर एक शिपाई असतो. पाण्यावरून पाहिलं तर टेकाड एकच दिसतं. जुन्या काळी खाडीतून येणाऱ्या तांडेलाला ते लांबून दिसत असेल तेव्हा त्याच्या मनात 'कल्याण आलं' एवढंच येत असेल.

पाटील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी आय नवरात्रात हिकडून होरीनं जायची. होरीवाला तुमच्यातला व्हता. तो वर येऊन नारल फोडायचा नाय, पन आयचा नारल हातात धरून उतरायचा, आयचा पाय घसरू नये म्हनून." होरी म्हणजे होडी. आगरी बोलीत डचा र होतो. आमच्या कोकणीतही काही शब्दांत होतो. आम्ही दोघांनी तिथंच उभं राहून असे पाचसहा शब्द मोजले.

तिथून आम्ही लोनाडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं. त्यांच्या मागं एकाएकी शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर उभं राहतं. बरंच पडलेलं, पण उरलेल्या दगडावरही हात फिरवावासा वाटतो असं. शेजारच्या टेकडीत बौद्ध लेणं आहे. त्यात वेस्संतर जातकाचा शिल्पपट आहे. आपलं सर्वस्व, अगदी मुलंसुद्धा, मागणाऱ्याला देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची ती गोष्ट. लेण्याच्या आत देवीची पूजा होते. चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकातला शिलालेख सापडलेला आहे. बंदर भरभराटीत असल्याशिवाय आतल्या गावांत एवढी देवळं उभी राहत नाहीत. जकातीचा पैसा खाडीतून वर चढला आणि दगड झाला. त्या जकातीत अरबी घोड्यांचा, खजुराचा आणि अत्तराचा वाटा होता, म्हणजे आमच्या पूर्वजांचाही होता, असं मी पाटलांना म्हटलं. ते म्हणाले, "मग सर, या देवलाचे तुमी पन मानकरी."

*

इथं मला चिंचणीच्या ताम्रपटांबद्दल सांगायला हवं, कारण तिन्ही रविवार ते माझ्या डोक्यात होते. डहाणूजवळचं चिंचणी पूर्वी आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. तिथं सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीनं एक ताजिक अधिकारी पाहत होता. ताजिक म्हणजे अरब किंवा अरबी मुलखाकडून आलेला मुसलमान. लेखात त्याचं नाव मधुमती असं दिलं आहे आणि दुसरं नाव सुगतिप. अभ्यासक सांगतात की मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप आहे.

ताम्रपट लिहिणाऱ्या पंडितानं मुहम्मद हे नाव कानानं ऐकलं आणि आपल्या भाषेत जो सर्वांत गोड शब्द जवळ होता तो लिहून टाकला. हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. त्यानं ते नाव टाळलं नाही आणि वाकडंही केलं नाही. आपल्या घरात पाहुण्याला पाट द्यावा तसा त्या नावाला आपल्या भाषेत पाट दिला.

त्याच्या कारभारातली जी कामं लेखात सांगितली आहेत त्यांतली दोन मला विशेष वाटतात. एक, तिथल्या दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली. तर म्हणजे माणसांना पलीकडे पोचवणारी होडी. दुसरं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी अन्नछत्र काढलं. तिथं भात, कालवण आणि तूप मिळे. आणि मुळात हा ताम्रपट ज्या कारणासाठी कोरला गेला ते कारण म्हणजे एका ब्राह्मणानं बांधलेल्या मठाला आणि तिथल्या भगवती देवीच्या पूजेला या मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीनं दिलेली जमीन.

ही अकराशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शिवाजी महाराज व्हायला अजून सातशे वर्षं होती. दिल्लीत सुलतान बसायला पावणेतीनशे वर्षं होती. आमच्या मुलांना शाळेत मुसलमान भेटतो तो तलवार घेऊन खैबरखिंडीतून आलेला. होडी चालवणारा, भात वाढणारा आणि देवीच्या मठाला जमीन लावून देणारा मधुमती त्यांना भेटतच नाही. तो हिंदूंच्या मुलांना भेटत नाही याचं मला वाईट वाटतं. तो आमच्याही मुलांना भेटत नाही याचं जास्त वाटतं. आमची मुलं आपली मुळं बगदादेत आणि समरकंदात शोधतात. ती इथं डहाणूच्या मातीत, संस्कृत अक्षरांत पुरलेली होती.

*

तिसरा रविवार वज्रेश्वरीचा. वाटेत आधी अंजूर. कामवारी जिथं खाडीजवळ येते त्या पट्ट्यातली ही गावं: अंजूर, माणकोली, पूर्णा, काल्हेर. अंजूरला नाइकांचं घराणं आणि त्यांचा सिद्धिविनायक. या घराण्यातले गंगाजी नाईक यांनी पोर्तुगिजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांची मदत मिळवली आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मोठी कामगिरी केली. चिमाजी अप्पांनी वसईला जाताना वज्रेश्वरीला नवस केला होता. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडायला वडवलीला, तानसा नदीच्या काठी हे देऊळ उभं राहिलं. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे, वर नगारखाना आहे आणि पायऱ्या चढून गेलं की वज्रेश्वरी, रेणुका आणि कालिका अशा देवी आहेत.

हा इतिहास आमच्याकडे हिंदूंचा विजय म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेच. पण पोर्तुगिजांचा जाच फक्त हिंदूंना होता का? समुद्रावर त्यांचा परवाना, कार्ताझ, घेतल्याखेरीज कुणाचं गलबत चालत नसे. परवाना नसेल तर माल जप्त आणि माणसं गुलाम. अरबी समुद्रावर पिढ्यान्पिढ्या मोकळे वावरणाऱ्या मुसलमान नाखवांच्या गळ्याभोवती हा फास सर्वांत आधी पडला. हज्जला निघालेली जहाजंही त्यातून सुटली नाहीत. धर्मन्यायालयाचा वरवंटा देवळावर फिरला तसा मशिदीवरही फिरला. मग वसई पडली तेव्हा भिवंडीच्या खाडीतल्या एखाद्या मुसलमान तांडेलानं सुटकेचा श्वास सोडला नसेल? त्याचं नाव कुठल्या बखरीत नाही. पण खाडी मोकळी झाली ती त्याच्यासाठीही झाली. वज्रेश्वरीच्या नगारखान्याखाली उभा असताना मला मी पाहुणा आहे असं वाटलं नाही ते यामुळे.

पाटील ओटी घ्यायला थांबले. दुकानदारीण म्हातारी होती. माझी टोपी पाहून तिनं विचारलं, "भिवंडीचे का चाचा? तुमच्याकडच्या बायका पूर्वी लई यायच्या कुंडावर."

ते खरं होतं. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. दादीचे गुडघे धरले की ती आम्हा मुलांना घेऊन एसटीनं अकलोलीला यायची. बायकांच्या कुंडात कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र, कुणाच्या गळ्यात तावीज. सगळ्यांचे गुडघे सारखेच दुखत. गणेशपुरीला तेव्हा नित्यानंद बाबांचं नाव मोठं होतं. ते दक्षिणेतून, केरळाकडून इथं आले, आदिवासींच्या पोरांना जेवू घालत राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. दादी त्यांना 'कुंडवाले बाबा' म्हणायची. भिवंडीत दिवाणशाहच्या दर्ग्याला जाताना ती ओढणी जशी डोक्यावर नीट करायची, तशीच गणेशपुरीच्या रस्त्यावरून जाताना करायची. तिला कुणी धर्मसहिष्णुता शिकवली नव्हती. हा शब्द तिला उच्चारताही आला नसता.

*

आता कुणी म्हणेल की मास्तर, तुम्ही गोड गोड सांगता, १९७० विसरलात का? विसरलो नाही. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी जे पेटलं ते मी पाहिलं आहे. मी शाळकरी होतो. छपरावरून धूर दिसत होता आणि अब्बांनी आम्हाला लूमच्या मागं, सुताच्या कोनांत लपवलं होतं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. त्या अहवालाइतका सविस्तर दस्तऐवज आमच्या गावाबद्दल दुसरा नाही. ही मोठी दुःखाची बाब आहे. गावाचं चरित्र कुणी लिहिलं नाही, पंचनामा तेवढा झाला. मग १९८४ चा मे महिना. तेव्हा मी शिक्षक झालो होतो. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा हजेरीत काही नावांपुढे कुणी 'हजर' म्हटलं नाही.

ज्या महाराजांनी इथं आरमार बांधलं, ज्यात आमचे लोक वल्ही मारत होते, त्यांच्याच जयंतीच्या दिवशी हे व्हावं याची मला आजही लाज वाटते आणि रागही येतो. लाज आणि राग दोन्ही बाजूंच्या माणसांबद्दल.

पण १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी जळली नाही, हे लोक का विसरतात? १९८८ नंतर सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त इथं होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. प्रत्येक भागात पोलीस हवालदार, लूममालक, कामगार, मौलाना आणि भटजी अशांना नियमित एकत्र बसवलं. बैठकीत बहुतेक वेळ गटाराबद्दल, पाण्याबद्दल आणि लाउडस्पीकरबद्दल बोलणं व्हायचं. माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली. ती वेळ आली तेव्हा ओळख कामी आली. मला वाटतं, पूर्वी हे काम खाडी करत होती. होडीत बसलेल्या माणसाला शेजाऱ्याची ओळख करून घ्यावीच लागते. तो एका बाजूला फार झुकला तर आपणही बुडतो. खाडी सुटली आणि गाव नाक्यानाक्यांत, आळ्याआळ्यांत वाटलं गेलं. कोटरगेट यांचं, ब्राह्मण आळी त्यांची. पाण्यावर अशी रेघ मारता येत नाही.

पाणी मात्र आपली जागा विसरत नाही. २६ जुलै २००५ ला कामवारी आणि खाडी दोघींनी आपली जुनी जागा परत मागितली. नदी नाका खरंच नदीत होता आणि खाडीपार खरंच खाडीपार झालं. त्या रात्री आमच्या गल्लीत टायरच्या ट्यूब आणि दरवाजाची फळी बांधून पोरांनी तराफा केला. मोमिनांची पोरं होती, पद्मानगरची तेलुगू पोरं होती आणि दोन आगरी पोरं होती. आगरी पोरांना काठी कशी टेकायची ते माहीत होतं. म्हणून ती पुढं बसली आणि बाकीच्यांनी त्यांचं ऐकलं. पाणी ओसरल्यावर तराफा मोडला. दरवाजा ज्याचा त्याला परत गेला.

*

सरकारच्या कागदावर आमची खाडी पुन्हा जलमार्ग झाली आहे. २०१६ च्या कायद्यानं देशभर राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास धरून त्यातला ५३ क्रमांकाचा. काल्हेर, कोलशेत, डोंबिवली अशा धक्क्यांची नावं अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. तिकडे वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे अजून बहुतेक पुलांचीच बातमी असते. पूल हवेतच, ट्रक होडीतून जाणार नाहीत. पण पुलावर माणूस एकटा असतो, आपल्या काचा वर करून. तरीत तसं बसता येत नाही.

मला कुणी विचारलं की गावासाठी काय हवं, तर मी म्हणेन, आधी कामवारी धुवा. कारखान्यांचं पाणी शुद्ध केल्याखेरीज तिच्यात सोडू नका. हे काम मंदिराचं नाही आणि मशिदीचंही नाही, पण दोघांनी मिळून केलं तर लवकर होईल. वजूला आणि अभिषेकाला लागतं ते पाणी एकच. मग काल्हेरपासून एक तर चालू करा, बसच्या भाड्याची. मधुमतीनं फुकट चालवली होती. आपण तेवढे मोठे नाही, बसचं भाडं घेऊ.

तोवर पाटलांनी आणि मी आमच्यापुरतं एक ठरवलं आहे. पाऊस संपला की त्यांच्या गावच्या मराठी शाळेची पंधरा मुलं आणि आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेची पंधरा मुलं घेऊन एका रविवारी काल्हेरच्या काठावरून निघायचं. रेती काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची होडी ठरली आहे. दोन तासांचा फेरा आहे. मुलांच्या आयांनी पोहायला येतं का, असं विचारलं. तिसांपैकी चौघांना येतं, चौघंही आगऱ्यांची. बाकीच्यांसाठी जॅकेटं भाड्यानं आणायची आहेत. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं की ही सहल कुठं जाणार? पाटलांनी सांगितलं, "भिवंडीला."